आखाजीतली कुलपं

बाई,

उद्या सकाळी साडेनऊला मला मिलच्या कचेरीत जायचं आहे, आणि आज दुपारचं जेवण झाल्यापासून मी तीनदा टेबलावरून उठलो. एकदा पाणी प्यायला, एकदा गॅलरीतले कपडे आत घ्यायला, आणि एकदा कशासाठी ते उभं राहिल्यावर आठवेना. अहवाल तयार आहे. छापून, भोकं पाडून, फाइलला लावून समोर ठेवला आहे. मी आयुष्यभर मजकूर वेळेवर दिला. संध्याकाळी सहाला पान सोडायचं म्हणजे सहालाच, हे ज्या वर्तमानपत्रात शिकलो ते कधीच बंद पडलं, पण सवय राहिली. काम वेळेआधी संपलं की एरवी मी खुशाल झोप काढतो. आज तसं होत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. तुम्ही शाळेतून निवृत्त होऊन बडोद्याला गेलात, तिथेच वारलात, आणि मला ते महिनाभराने कळलं. त्यालाही आता इतका काळ लोटला की माझे केस तेव्हाच्या तुमच्या केसांपेक्षा पांढरे आहेत.

मी काय करतो ते आधी सांगतो. कंपन्यांनी नफ्यातला काही भाग समाजाच्या कामावर खर्च करावा असा आता कायदा आहे. सगळे त्याला सीएसआर म्हणतात, शेठपासून वॉचमनपर्यंत. शाळेच्या खोल्या, स्वच्छतागृहं, झाडं, पावसाचं पाणी जिरवायचे खड्डे, छतावर सौर पॅनेल, अशी ती कामं असतात. ती करायच्या आधी कुणालातरी गरज तपासावी लागते आणि झाल्यावर काय फरक पडला ते लिहावं लागतं. ते लिहिणारा मी. सुरतेतल्या साड्या छापणाऱ्या एका मिलचं हे काम माझ्याकडे बरीच वर्षं आहे. तुम्ही भुवया उंचावाल हे मला माहीत आहे. लोक या कामाला हसतात, रोप लावताना फोटो काढून घेणाऱ्या साहेबांची टिंगल करतात, मीही कधीकधी करतो. पण कामरेजच्या पुढे एका शाळेत याच मिलने मुलींसाठी स्वच्छतागृह बांधलं, त्याला पाणी दिलं, पाणी रोज येतं की नाही हे बघायला माणूस ठेवला, आणि सातवीनंतर घरी बसणाऱ्या मुली तिथे आठवीत बसायला लागल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे मी हे काम मनापासून करतो. वाक्यं थोडी फुगवतो, पण खोटं लिहीत नाही, अशी माझी समजूत होती.

या वर्षी मिलने आपली शाळा निवडली. आपली म्हणजे तीच, दिंडोलीच्या बाजूची, रेल्वेलाइनच्या अलीकडची. तुमच्या वेळी एक मजला होता, आता दोन आहेत. सकाळी मराठी वर्ग भरतात, दुपारी त्याच खोल्यांत हिंदी. मिलची योजना खरंच चांगली होती. छतावर सौर पॅनेल, अंगणाखाली पावसाच्या पाण्याची मोठी टाकी, कॉम्प्युटरची खोली, आणि शाळा दिवसभराची. अडचण एवढीच की शाळा दिवसभराची झाली तर दोनपैकी एका माध्यमाला जागा सोडावी लागणार. मराठी वर्ग लाइनच्या पलीकडच्या शाळेत हलवायचे की नाहीत, हे आजूबाजूच्या वस्तीत घरोघर विचारून ठरवायचं होतं. सर्व्हेचे प्रश्न मी काढले, मुलंमुली मी शिकवून तयार केली, आणि आठवडाही मीच ठरवला. मी ठरवलेला तो आठवडा आखाजीचा होता.

कॅलेंडरवर अक्षय्य तृतीया, आपल्या वर्गात आखाजी. त्या आठवड्यात लेकी माहेरी जातात, कडुनिंबाला झोके बांधतात, गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात, आणि उधन्याहून सुटणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, अर्धी वस्ती त्या लाइनवरच्या गावांत पसरते. कापडाच्या लूमचे मालकसुद्धा या दिवसांत मोठी ऑर्डर घेत नाहीत. माझी सर्व्हेची मुलं मोबाइल घेऊन गल्ल्यागल्ल्यांतून हिंडली आणि ज्या दाराला कुलूप दिसलं तिथे त्यांनी ‘बंद’ असं बटण दाबलं. त्या मोबाइलमध्ये असं आहे, बाई, की बंद घर मोजणीतून गळून जातं. राहिलेल्या घरांचा हिशेब लागतो. राहिलेली घरं कुणाची, तर जी आखाजीला गावी जात नाहीत त्यांची. बिहारची, ओडिशाची, उत्तर प्रदेशची. मी लिहिलं: ‘परिसरात मराठी माध्यमाची मागणी लक्षणीयरीत्या घटली आहे.’ मिलच्या वार्षिक अहवालात ते वाक्य गुळगुळीत कागदावर छापून आलं. बाजूला शाळेच्या फाटकाचा फोटो.

चूक मला शाळा उघडल्यावर कळली. काम सुरू व्हायच्या आधीचे फोटो काढायला मी सकाळी गेलो होतो. फाटकाजवळ एक बाई उभी होती, हातात सात-आठ वर्षांच्या मुलीचं दप्तर. मी कोण ते शिपायाने तिला सांगितलं असावं. ती सरळ माझ्याकडे आली.

“भाऊ, शाळा पटरीपार जाई राहिनी म्हणतस. कोनले इचारं तुम्ही?”

मी सांगितलं की घरोघर विचारलं आहे. हिंदीत सांगितलं.

“मना घरले ते कोनी उनं नही.”

मी मोबाइलवर तिचा गल्ली नंबर आणि खोली नंबर शोधला आणि तिला दाखवला. तिथे ‘बंद’ होतं.

“बंद ते राहीच ना!” ती इतक्या मोठ्याने म्हणाली की शिपाई वळून बघायला लागला. “आखाजी व्हती. कुलूप लायीसन गावले गयथूत आम्ही. कुलूप दिखनं म्हणजे काय, लोके मरी गयात का?”

मुलीने तिचा पदर ओढला. “मम्मी, सर को हिंदी आती है, हिंदी में बोल ना.”

“हिंदीमा भांडाले जमस नही माले,” ती म्हणाली, आणि मला हसू आलं. तिलाही थोडं आलं, पण तिने ते लगेच गिळलं. मग तिने सांगितलं की ती घरी साड्यांना टिकल्या लावते, नवरा लूमवर बारा तास उभा असतो, मुलीला लाइन ओलांडून पोचवायला आणि आणायला घरात माणूस नाही. पुलावरून गेलं तर केवढा वळसा, मुलं तो घेत नाहीत, सरळ रुळांवरून जातात. मोठी पोरगी दुसऱ्या शाळेत पाचवीत आहे, वेळ हीच. धाकटीला पोचवायला तिला लावलं तर तिची शाळा सुटेल, आणि दोघींना घरी बसवलं तर दोघीही टिकल्या लावायला बसतील. “पटरीपार मनी पोरले मी नही धाडस,” ती म्हणाली. मग तिने विचारलं, “तुम्हनं गाव कोनतं भाऊ?”

मी म्हणालो, “यहीं का हूँ.”

तिथून रिक्षात बसलो, पण पर्वत पाटियाच्या सिग्नलला अडकलो तेव्हा उतरून पायीच निघालो. बसून राहवत नव्हतं. टेम्पोंवर कापडाचे गठ्ठे, माणसं एकमेकांना शिव्या देत वाट काढत होती, आणि माझ्या डोळ्यांपुढे सारख्या तुम्ही येत होतात. शाळा सुरू व्हायच्या आधी तुम्हालाही घरोघर जाऊन मुलांची नोंद करावी लागायची. वरून तारीख यायची, आणि ती आखाजीच्या आसपास आली की तुम्ही मुख्याध्यापकांशी भांडायचात. “आखाजीत जाऊन काय कुलपं मोजू?” हे तुमचं वाक्य आम्ही वर्गात तुमची नक्कल करताना वापरायचो, हात कमरेवर ठेवून, बडोद्याच्या हेलात. मुख्याध्यापक म्हणायचे, आम्हाला कागद पुढे पाठवायचा असतो. तुम्ही म्हणायचात, पाठवा, कोरा पाठवा. मग गाड्या परत यायला लागल्या, लूमचा आवाज पुन्हा भरला, की तुम्ही निघायचात, डोक्यावर छत्री, एका हातात वही, आणि सोबत वर्गातला एक कुणीतरी. पाचवीच्या सुट्टीत तो मी होतो.

तो दिवस मला बारकाव्यांसकट आठवतो. तिसऱ्या चाळीच्या जिन्यावर तुम्ही मला वर पाठवता, कारण तुमचा गुडघा दुखतो आहे. मी धावत जातो, धावत येतो. बंद आहे, मी म्हणतो. तुम्ही वही उघडत नाही. “कुलपावर धूळ होती?” मला माहीत नाही. “उंबऱ्याशी रांगोळी?” माहीत नाही. “शेजारी कोण राहतं?” तेही माहीत नाही. तुम्ही ओरडत नाही, ते जास्त लागतं. म्हणता, “मग तू बघून आलास ते काय? दार बघून आलास. दार मला इथूनही दिसतंय.” मी पुन्हा वर जातो. शेजारची म्हातारी सांगते की ती माणसं लग्नाला शिंदखेड्याला गेली आहेत, सोमवारी येतील, दोन पोरं आहेत, धाकट्याला या वर्षी घालायचं आहे. तुम्ही वहीत पेन्सिलीने लिहिता: ‘गावी. सोमवार.’ आणि सोमवारी पुन्हा येता, दुखऱ्या गुडघ्याने, आणि या वेळी वर स्वतः चढता.

त्याच दिवशी तुम्ही आमच्या घरी आलात. आईची धांदल उडाली. खोलीत एकच खुर्ची, तीही माझ्या वडिलांच्या, आबांच्या, लूमच्या मालकाने टाकून दिलेली. आईने कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा पुढे केला आणि दहादा म्हणाली, “बाई, तिखट शे, जपीसन खा.” तुम्ही डाळीत गूळ घालणाऱ्या मुलखातल्या. पहिल्या घासाला तुमचे डोळे भरून आले, नाक लाल झालं, आणि तुम्ही पदराने डोळे पुसत म्हणालात, “छान आहे हो, अजून अर्धी वाढा.” आई त्यानंतर कितीतरी वर्षं ही गोष्ट सांगायची आणि सांगताना हसून हसून तिच्याच डोळ्यांत पाणी यायचं. तुम्ही गेल्यावर तिने मला विचारलं होतं की बाई एवढ्या उन्हात कसाले फिरतात, त्यांना वरचा पगार मिळतो का. मी म्हणालो होतो, नाही. तिला ते काही पटलं नव्हतं.

वर्गात दाराच्या मागे तुमचं एक वेगळं कॅलेंडर असायचं. सरकारी सुट्ट्या त्यात नव्हत्याच, तुमच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. आखाजी, कानबाई, पोळा. चलथाणच्या साखर कारखान्याचा गाळप हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्यांतली मुलं कधी येतील आणि कधी जातील ते. गैरहजर मुलाचं नाव तुम्ही कापत नव्हतात, कॅलेंडर बघायचात आणि ‘येईल’ म्हणायचात. बहुतेक येत. सातवीचा निरोपसमारंभ झाला तेव्हा बाकीच्यांना तुम्ही पेनं दिलीत आणि मला ते जून ते मेचं, संपत आलेलं कॅलेंडर. मी चार दिवस रुसलो होतो. जुन्या कॅलेंडरचं करायचं काय? आईने त्याची पानं फळीवर अंथरली, डब्यांखाली.

फाटकाशी ती बाई भेटली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मिलमधल्या सीएसआरच्या बाईंना जाऊन सगळं सांगितलं. तरुण आहेत, कामाच्या आहेत, शनिवारीही साइटवर असतात. आखाजी म्हणजे काय ते मी पंधरा मिनिटं समजावत होतो, झोके, घागरी, गाड्या. त्या ऐकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “सर, तमे तो आ बधुं जाणो छो. पहेलां केम न कह्युं?” तुम्हाला तर हे सगळं ठाऊक आहे, मग आधी का नाही बोललात? मी म्हणालो, विसरलो. शहरात राहून राहून आपल्या माणसांचे दिवससुद्धा विसरायला होतं, असंही म्हणालो. त्यांना वाईट वाटलं. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

शेठना सांगणं इतकं सोपं गेलं नाही. ते वाईट माणूस नाहीत. त्यांचे वडील डोक्यावर कापडाचे ताके घेऊन बाजारात हिंडलेले, शाळेचं काम त्यांच्या मनातलं आहे. पण त्यांना दोन गोष्टी चालत नाहीत, उशीर आणि बदललेलं बोलणं. “बे रिपोर्ट, बे वात,” ते म्हणाले. “तो पछी साची कई?” दोन अहवाल, दोन गोष्टी, मग खरं कुठलं? मी म्हणालो, तीन रविवार द्या. त्यांनी दिले, पण उठता उठता म्हणाले की एवढा घोळ असेल तर हे सगळं काम कामरेजच्या शाळेलाच देऊन टाकू, तिथे भांडण नाही, तिथे लोक हार घेऊन उभे असतात.

आता तुम्हाला कळेल मी का उठबस करतो आहे. पहिला अहवाल तसाच राहू दिला असता तर निदान दुपारच्या हिंदी वर्गांना टाकी मिळाली असती, पंखे चालले असते, कॉम्प्युटर आले असते. तीही मुलं लूमवाल्यांचीच, त्यांच्याही आया घरी टिकल्याच लावतात. मी खरं सांगायला गेलो आणि सगळंच हातचं गेलं तर त्या मुलांना मी काय सांगणार? आणि नाही सांगितलं तर ती सात-आठ वर्षांची मुलगी उद्यापासून रूळ ओलांडणार, किंवा घरी बसणार. गेले काही दिवस वर्तमानपत्र उघडलं की मी आधी रेल्वेलाइनच्या बातम्या बघतो.

तीन रविवार आम्ही फिरलो, त्या सीएसआरच्या बाई आणि मी. या वेळी मोबाइल बंद ठेवला, वही घेतली. कुलूप दिसलं की शेजारी विचारलं, मग पुढच्या रविवारी परत गेलो. हिंगोलीकडचा एक गवंडी दारात दाढी करत बसला होता. मला बघून बायकोला ओरडून म्हणाला, “गेल्या बारीला पोरं आलती मोबाइल घिऊन, ह्या बारीला पांढऱ्या केसाचं मानूस धाडलंय. काम लईच अडकलं दिसतंय की!” आतून बायको म्हणाली, “त्यास्नी बसाया तर सांगा, नुसतं बोलताय.” एका घरात चहा, एका घरात सरबत, एका घरात दार उघडून पुन्हा लावून घेतलं. आणि बाई, जे ऐकायला मी गेलो होतो तेच काही ऐकायला मिळालं नाही. बऱ्याच जणांना मराठी शाळा नकोच आहे. एक लूमवाला मला म्हणाला, “साहेब, मराठी शिकीसन बी पोरगं लूमवरच जाई ना?” मी त्याला माझं उदाहरण देऊ शकलो असतो. पण मग मी त्याच शाळेतला आहे हे सोबतच्या बाईंना कळलं असतं, आणि सगळा फेरसर्व्हे म्हाताऱ्याचा हळवेपणा ठरला असता. मी वहीत त्याचं म्हणणं जसंच्या तसं लिहून घेतलं. एका आईला इंग्रजी हवं आहे, एकीला गुजराती, कारण इथेच राहायचं आहे. मुलं एकमेकांत हिंदी-गुजरातीच बोलतात, आजीशी तेवढी घरची भाषा. पण लहान वर्ग पटरीपार नेऊ नका, हे मात्र गल्लीत जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं, ज्यांना मराठी नको त्यांनीसुद्धा.

म्हणून नव्या अहवालात मी तेच लिहिलं आहे. पहिलीपासून चौथीपर्यंतचे मराठी वर्ग आहेत तिथेच, सकाळीच राहू द्यावेत, दिवसभराच्या शाळेचा हट्ट तूर्त सोडावा, छतावर पॅनेल मात्र बसवावीत, टाकीही बांधावी, कारण पाणी आणि वीज दोन्ही वेळच्या मुलांना लागतेच. वरच्या वर्गांबद्दल पालकांची मतं वेगवेगळी आहेत, तीही सगळी दिली आहेत, मला न आवडलेलीसुद्धा. आणि दोनदा जाऊनही जी दारं उघडली नाहीत त्यांच्यासाठी वेगळा रकाना केला आहे: ‘माहिती नाही.’ असा रकाना असलेला अहवाल मिलमध्ये याआधी कुणी दिलेला नाही. शेठ तो बघून काय म्हणतील ते उद्या दहापर्यंत कळेल. कामरेजचं नाव निघालं तर काय बोलायचं ते मी चार वेळा मनात घोळवलं आणि चारही वेळा मधेच अडकलो.

अहवालाच्या वर एक पानाचं पत्र जोडलं आहे. त्यात मी म्हटलं आहे की पहिल्या सर्व्हेची तारीख ठरवताना आखाजीचा सण माझ्याकडून नजरचुकीने राहून गेला, ही चूक माझी आहे, सर्व्हे करणाऱ्या मुलांची नाही. सीएसआरच्या बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, असं स्वतःवर घेणारी माणसं आता कुठे राहिली, सर. मी पानाला भोकं पाडून ते फाइलला लावलं.

वर तुम्हालाही मी तेच सांगत आलो की मला चूक फाटकाशी कळली. ते खरं नाही, बाई. सर्व्हेच्या आधीच्या आठवड्यात दोंडाईचाहून ताईचा फोन आला होता. या वर्षी तरी आखाजीले ये, आबानी घागर भरनी शे, म्हणाली. मी म्हणालो, जमणार नाही, वस्तीत सर्व्हे लावलाय. ती हसायलाच लागली. “आरे, आखाजीले सुरतमा कोन भेटी तुले?” मीही हसलो आणि विषय बदलला. फोन ठेवल्यावर मी तारखा मोजल्या. तारीख पुढे ढकलायची तर मिलला कळवावं लागणार, वार्षिक अहवाल छपाईला जायची तारीख चुकणार, आणि मी आजवर एकही तारीख चुकवलेली नाही. शिवाय बंद घरांचा सर्व्हे लवकर उरकतो, हे मला त्या बटणामुळे आधीच माहीत होतं. मी मुलांना फोन करून सांगितलं, ठरल्याप्रमाणे सोमवारपासून.

नवं पत्र छापायला दोन मिनिटं लागतील. प्रिंटर इथेच आहे, कागद आहे, आणि आत्ता कुठे संध्याकाळचे साडेपाच वाजताहेत. खरं तर त्या अहवालाला जोडायला हवं ते हेच पत्र. पण फाइलवर अजून ‘नजरचुकीने’ म्हणणारं पानच आहे, आणि हे लिहून झाल्यावरही मी ते बदलायला उठलेलो नाही.